लेकरांच्या स्मरणसंध्येचं तयार पॅकेज: काय घ्यावं, काय परत पाठवावं

जळगाव, भुसावळ, धुळे, शहादा या पट्ट्यात मंडप-डेकोरेशनवाल्यांकडे आता ‘श्रद्धांजली पॅकेज’ सरळ मिळतं. शंभर खुर्च्या, छोटं स्टेज, फुलांची सजावट, फ्लेक्स, साउंड, भजन म्हणणारे दोघं-तिघं, सूत्रसंचालक आणि शेवटी चहा. भरल्या घरातून गेलेल्या म्हाताऱ्या माणसासाठी हे ठीक चालतं. पण मूल गेलेल्या पंधरा-वीस घरांनी मिळून स्मरणसंध्या करायची ठरवली, की तेच पॅकेज फोटो बदलून पुढे केलं जातं आणि तिथेच सगळं बिघडतं. जसं मिळतं तसंच घेतलं तर पाचपैकी दोन गुण. चार गोष्टी कमी केल्या आणि दोन वाढवल्या तर याच पैशांत चारपर्यंत जातं.

बिघडतं का, ते आधी. आपल्याकडे लहान मुलाच्या मृत्यूला विधी असा फारसा नाहीच. दोन वर्षांच्या आतल्या मुलाला दहन न देता पुरावं, हे मनुस्मृतीतही आहे आणि गावोगाव आजही तसंच होतं. दहावं-तेरावं बहुतेक घरांत होत नाही. पितृपक्षातली त्रयोदशी काही घरांत बालकांसाठी धरतात, तीही घरातल्या घरात. आजोबा गेले तर दहा दिवस ओट्यावर माणसं बसून असतात, त्यांचे किस्से निघतात. लेकरू गेलं तर दोन-तीन दिवसांत “देवनी मरजी” म्हणून विषय बंद, आणि पुढे त्या आईसमोर मुलाचं नाव घ्यायलाही लोक कचरतात. त्यामुळे अशा सभेचं खरं काम एकच आहे: ते नाव चारचौघांत, मोठ्याने, नीट उच्चारलं जाणं. पॅकेजमधली जी वस्तू या कामाला लागते ती ठेवा. बाकी सगळी सजावट आहे.

नावं

पॅकेजवाल्याकडे यासाठी काहीच नसतं, म्हणून हे पूर्ण आपल्याच हाती ठेवायचं. यादी कागदावरून वाचली की चुका होतात. रियांश की रेयांश, स्वरा की स्वारा हे लिहिलेल्यावरून सूत्रसंचालकाला कळत नाही, आणि आपल्या मुलाचं नाव माइकवरून चुकीचं ऐकणं हा त्या संध्याकाळचा सगळ्यात वाईट प्रसंग असतो. उपाय सोपा आहे. आई-वडिलांकडून नाव लिहून नाही, बोलून मागवा. व्हॉट्सअ‍ॅपवर पाच सेकंदांचा आवाज पुरतो. लाडाचं नाव वाचायचं की कागदावरचं, तेही त्याच वेळी विचारा. पुष्कळ घरं दोन्ही सांगतात. वाचणाऱ्याने ती सगळी रेकॉर्डिंग आदल्या रात्री एकदा आणि सभेच्या आधी एकदा ऐकायची.

नावं पहिल्या अक्षराच्या क्रमाने घ्या. वयाने किंवा मृत्यूच्या तारखेने लावली की कोण आधी, कोण नंतर याला नको तो अर्थ येतो. गावातल्या वजनदार माणसाच्या घरचं नाव आपसूक वर सरकतं, तेही टळतं. मृत्यूचं कारण वाचायचं नाही. विहीर, सर्पदंश, अपघात, कॅन्सर, आत्महत्या अशी सगळी घरं एकाच ओळीत बसलेली असतात, आणि कारण बोललं गेलं की लगेच मनातल्या मनात तुलना सुरू होते. नावापुढे ‘कै.’ किंवा ‘स्व.’ लावू नका. फ्लेक्सवाल्याच्या कॉम्प्युटरवर ते आधीच टाकून ठेवलेलं असतं, त्यामुळे प्रूफ बघताना मुद्दाम खोडावं लागतं. चार वर्षांच्या पोराच्या नावामागे ‘कै.’ वाचणं आईला जमत नाही.

पोटातच गेलेल्या किंवा नाव ठेवण्याआधी गेलेल्या बाळांचं काय, हा प्रश्न दरवेळी येतो. ‘अमुक आई आणि तमुक बाबांचं बाळ’ एवढंच वाचा. त्यांची वेगळी यादी करू नका, त्याच क्रमात आईच्या नावाच्या अक्षरावर घ्या. दुसरं टोकही लक्षात ठेवा. सत्तरीच्या आईचा पंचेचाळीस वर्षांचा मुलगा गेला असेल तर तिचंही लेकरूच गेलेलं असतं. सभा ‘बालकांसाठी’ अशी जाहीर केली की असे आई-बाप येत नाहीत.

वेळेचा हिशेब असा: नुसतं नाव वाचायला दहा सेकंद लागतात. पण नाव वाचल्यावर घरचं माणूस उठून दिव्यापर्यंत जाणार, दिवा लावणार, परतणार. तीस नावांना पंचवीस ते तीस मिनिटं धरा. खुर्च्यांच्या मधली वाट किमान पाच फुटांची हवी, कारण आजीला धरून नेणारी सून तिच्या शेजारून चालते. पॅकेजवाले दोन-अडीच फूट सोडतात आणि खुर्च्यांची संख्या भरून दाखवतात. वीस खुर्च्या कमी लावायला सांगा.

दिवे

सामुदायिक दिवा लावण्याची ही रीत बाहेरून आलेली आहे. १९६९ मध्ये इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीत मूल गेलेल्या पालकांची ‘द कम्पॅशनेट फ्रेंड्स’ ही संघटना सुरू झाली. तिच्या अमेरिकेतल्या शाखेने १९९७ मध्ये डिसेंबरच्या दुसऱ्या रविवारी, ज्याच्या त्याच्या गावच्या घड्याळाने संध्याकाळी सातला दिवा लावण्याचा पायंडा पाडला. त्यामुळे चोवीस तास दिवे पृथ्वीभोवती फिरत राहतात. गर्भात किंवा जन्मल्यावर लगेच गेलेल्या बाळांसाठी १५ ऑक्टोबर हा वेगळा दिवस पाळतात, तोही संध्याकाळी सातलाच. खानदेशात ऑक्टोबरची तारीख कधी गरब्याच्या आवाजात सापडते, कधी दिवाळीच्या खरेदीत. डिसेंबरची बरी, पण तिलाही एक खोड आहे, ती पुढे येईल.

पॅकेजमध्ये मेणबत्त्या येतात, सहसा लांब, पांढऱ्या, हातात धरायच्या. त्या परत पाठवा. मेण मनगटावर गळतं, ज्योत वाऱ्याने विझते आणि नायलॉनच्या ओढणीपासून ती वीतभर अंतरावर असते. त्याऐवजी दोन पर्याय चांगले.

पहिला मातीच्या पणतीचा. नवी पणती दोन-तीन तास पाण्यात बुडवून, मग वाळवून घ्या. कोरडी घेतली तर तेल पिते आणि खाली डाग पडतो. तिळाचं तेल दोन मोठे चमचे आणि कापसाची घट्ट वळलेली एक वात, की दीड-दोन तास निश्चिंती. तूप किंवा वनस्पती तूप वापरू नका. डिसेंबरात संध्याकाळनंतर ते थिजतं आणि वात मध्येच मिणमिणून विझते. अर्ध्या दिव्यांचं तसं झालं की “आमचाच का विझला” हा विचार लोकांच्या मनात येतोच. म्हणून एक माणूस फक्त वाती सारायला आणि तेल घालायला नेमा. पणत्या जमिनीवर नको, अडीच फूट उंच टेबलावर वाळू पसरलेल्या पत्र्याच्या ट्रेमध्ये ठेवा. बाजूला पाण्याची एक बादली आणि वाळूची एक. दिवे लागले की पंखे बंद, पण एका बाजूच्या खिडक्या उघड्या ठेवा. बंद हॉलमध्ये पन्नास वाती जळल्या की अर्ध्या तासात डोळे चुरचुरायला लागतात.

दुसरा पर्याय मोकळ्या जागेसाठी, आणि आमच्या मते सगळ्यात छान. किराणा दुकानातली खाकी कागदी पिशवी घ्या. तिच्या एका बाजूला जाड काळ्या मार्करने मुलाचं नाव मोठ्या अक्षरात लिहा, तोंड बाहेरच्या बाजूला दोन बोटं दुमडा म्हणजे पिशवी ताठ उभी राहते, आत दोन इंच कोरडी वाळू भरा आणि मधोमध अ‍ॅल्युमिनियमच्या वाटीतली छोटी मेणवात ठेवा. वाळूमुळे पिशवी उडत नाही आणि ज्योत कागदाला लागत नाही. अंधारात पिशवी आतून उजळते आणि नाव दहा फुटांवरून वाचता येतं. फ्लेक्सचं सगळं काम ही एक पिशवी करते. घरच्यांना ती आधी देऊन ठेवली तर भावंडं तिच्यावर चित्रं काढून आणतात. वाळू मात्र ओली नको. ओल कागदात चढते, पिशवीचा तळ फाटतो आणि उचलताना सगळं सांडतं.

नदीत दिवे सोडायचा आग्रह प्रत्येक गावात कोणीतरी धरतोच. थर्मोकोलचे द्रोण राज्यात २०१८ पासून बंद आहेत, तरी बाजारात दिसतात. घेऊ नका. रावेर-यावलकडे घड उतरलेल्या केळीचे खांब तसेही कापायचेच असतात. त्याच्या दोन इंच जाडीच्या चकत्या उत्तम तरंगतात. वर मातीची पणती ठेवली तर चकती कलंडते. कणकेचा छोटा दिवा ठेवा. चकत्या दुपारीच कापून उलट्या ठेवा म्हणजे चीक निथळेल. केळीच्या चिकाचा डाग कपड्यावरून जात नाही, आणि लोक त्या दिवशी चांगले कपडे घालून आलेले असतात.

जागा नीट पाहा. चांगदेवला तापी-पूर्णेच्या संगमावर हतनूर धरणाचा फुगवटा आहे, पाणी संथ असतं, दिवे काठाजवळच राहतात. शहाद्याजवळच्या प्रकाशा गावी तापीवरच्या बॅरेजमुळे तसंच. पण फुगवट्याचा काठ गाळाचा असतो आणि अंधारात पाय घसरतो, म्हणून घाट बांधलेला नसेल तिथे जाऊच नका. गिरणेत पाणी आहे की नाही हे धरणातून पाणी सोडण्याच्या आवर्तनावर ठरतं. आठ दिवसांपूर्वी वाहणारी नदी त्या रविवारी कोरडी असू शकते, किंवा उलट. खरं सांगायचं तर चार फुटांचं घंगाळ पाण्याने भरून हॉलमध्ये ठेवलं तरी काम होतं, आणि म्हाताऱ्या माणसांना खाली वाळूत उतरावं लागत नाही.

फ्लेक्स आणि पडदा

एलईडी पडदा हा पॅकेजमधला सगळ्यात महाग भाग आणि सगळ्यात कमी कामाचा. फोटो सरकत राहतात, एकेक फोटो चार सेकंद. आपल्या लेकराचा फोटो येऊन गेला की आई पुढचं काही बघत नाही. शिवाय काही घरांकडे फोटोच नसतो, आणि तिथे पडद्यावर गुलाबाचं फूल किंवा पंख लावलेलं परदेशी बाळ झळकतं. पडदा पूर्ण काढून टाका. त्याऐवजी भिंतीलगत एक लांब टेबल, पांढरं किंवा हातमागाचं कापड, आणि प्रत्येक घराला दोन फूट जागा द्या. फोटो, चप्पल, वही, टोपी, जे आणतील ते तिथे राहील. ज्यांच्याकडे काही नाही त्यांना नावाचं कार्ड द्या. सभेनंतर हे टेबल निदान अर्धा तास तसंच ठेवावं लागतं. मंडपवाल्याला वेळ वाढवून सांगून ठेवा, नाहीतर त्याची पोरं खुर्च्या आपटत आवराआवर सुरू करतात.

साउंड आणि सूत्रसंचालक

शंभर माणसांना दोन छोटे स्पीकर पुष्कळ. पॅकेजमधले मोठे टॉप आणि बास उतरवूच देऊ नका. कॉर्डलेस माइकचे सेल नवे घाला, आणि वायरचा एक माइक तयार असू द्या. जनरेटर लागणार असेल तर तो भिंतीआड, लांब.

सूत्रसंचालक परत पाठवा. माणूस वाईट नसतो, पण त्याला शांतता सहन होत नाही. नाव वाचून झालं की तो चारोळी म्हणतो. त्याच्याऐवजी शाळेतल्या एखाद्या बाई, किंवा गटातली दोन माणसं आलटून पालटून नावं वाचोत. भाषण एकही नाही. पुढाऱ्याला बोलावलंच असेल तर बसायला सांगा आणि बोलायला लागणार नाही हे आधीच कळवा. बहुतेकांना बरंच वाटतं. कोणी हेल काढून रडलं तर माइकवरून “शांत व्हा” म्हणू नये. वाचणाऱ्याने थांबायचं आणि मग पुढचं नाव घ्यायचं. दाराशी दोन माणसं पाण्याचे तांबे घेऊन असावीत. कोणी उठून बाहेर गेलं तर त्यांनी मागे जायचं, पण बोलायचं नाही. ज्यांचं वर्ष अजून सरलेलं नाही त्यांना दाराजवळची जागा द्या.

“दुसरं होईल”, “देवाला आवडला म्हणून नेला”, “आता सावर” ही वाक्यं नातेवाइकांच्या तोंडी येणारच. निमंत्रणातच एक ओळ छापा: कृपया समजूत घालू नका, फक्त नाव घ्या. त्याच कार्डाच्या मागे टेलिमानसचा क्रमांक १४४१६ टाका. सरकारी सेवा आहे, फुकट आहे, चोवीस तास चालते. सभेनंतरची रात्र काहींना फार जड जाते.

भजनी मंडळ ठेवायचं का? सगळी घरं वारकरी असतील तर जरूर. पण भुसावळसारख्या गावात ख्रिस्ती, बौद्ध, मुस्लिम घरंही गटात असतात. तेव्हा आरती, गंगाजल, तेराव्यासारखी मांडणी यांतलं काही नको. दिवा ज्याला लावायचा नसेल त्याने पेल्याने घंगाळात पाणी ओतावं, ही सोय ठेवली की प्रश्न मिटतो. ज्याला दुवा मागायची असेल त्याच्यासाठी पाच मिनिटं पूर्ण शांततेची.

तारीख आणि हॉल

आता ती खोड. डिसेंबरचा दुसरा रविवार (२०२६ मध्ये तो १३ तारखेला आहे) धनुर्मास लागायच्या तोंडावर येतो, म्हणजे लग्नांच्या शेवटच्या गर्दीत. लॉन आणि मंगल कार्यालयं भरलेली, आणि शेजारच्या लॉनवर बरोबर सातला वरात दारात. पॅकेजवाला हे सांगत नाही, कारण त्याची निम्मी माणसं त्या वरातीतच असतात. म्हणून कार्यालय नको. शाळेचा हॉल किंवा समाजमंदिर घ्या, आणि आजूबाजूला त्या दिवशी लग्न आहे का ते विचारा. नंदुरबारकडच्यांनी दत्तजयंतीही बघावी. तेव्हा भरणाऱ्या सारंगखेड्याच्या घोडेबाजाराच्या दिवसांत तो रस्ता तुंबतो. सूर्य पावणेसहाच्या सुमारास मावळतो. सव्वासहाला लोकांना बसवा, साडेसहाला नावं सुरू करा म्हणजे शेवटचा दिवा सातला लागतो. थंडी असते, दहा-पंधरा जादा शाली ठेवा.

जेवण साधं: खिचडी, वर कच्चं तेल, पापड, कढी. शंभर माणसांना तांदूळ आठ किलो आणि तूरडाळ तीन किलो. गोड काहीही नको, आणि वांग्याच्या भरिताचा मोसम असला तरी भरीत-पुरीचा बेतही नको, त्याची लगेच पार्टी होते. जेवताना माणसं एकमेकांशी बोलतात, म्हणून नुसत्या चहावर पाठवू नका.

आखाजीचा पर्याय

खेड्यात करायचं असेल तर दिव्याच्या पॅकेजच्या नादी न लागता आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, निवडा. घराघरांत पितरांसाठी घागर भरली जाते, वर लोटी, खरबूज, सांजोरी, आंबा ठेवतात, आगारी टाकतात, म्हणजे विस्तवावर नैवेद्य वाहतात. घागर परंपरेने वाडवडिलांची. लेकराचं नाव तिच्यात क्वचितच येतं. म्हणून गटाने वेगळी, एकत्र घागर भरायची. एप्रिल-मेच्या उन्हात मेणबत्ती पेटायच्या आधीच वाकते आणि पंखे बंद करता येत नाहीत, तेव्हा पाणीच बरं. सकाळी आठच्या आत उरका.

करायचं असं: गावच्या स्टँडजवळ किंवा शाळेच्या फाटकाशी सावलीत दोन मोठे रांजण वाळूत बसवा. ते दोन दिवस आधी पाण्याने भरून ठेवा. नवा रांजण पहिल्या दिवशी पाझरतो, आणि तडा असेल तर तेव्हाच कळतो. प्रत्येक घराने आपल्या घरून एक लोटी पाणी आणायचं, मुलाचं नाव मोठ्याने घ्यायचं आणि ते रांजणात ओतायचं. वर लाकडी झाकण, लांब दांड्याचं ओगराळं, भोवती ओलं गोणपाट. ओगराळं साखळीने बांधा, नाहीतर आठवड्यात जातं. पूजा सांगायला कोणी लागत नाही. आखाजीला माहेरी आलेल्या लेकीही येतात, त्यामुळे ज्या बाईने सासरी कधी मुलाचं नाव काढलं नाही, ती इथे आईच्या शेजारी उभी राहून घेते. डिसेंबरच्या दिव्यात हे होत नाही.

अडचण पुढची असते. रांजण त्या दिवशी भरतो, आठव्या दिवशी कोरडा पडतो आणि त्यात पालापाचोळा साचतो. ज्या रांजणात लेकराचं नाव घेऊन पाणी ओतलं तो तसा दिसला तर घरच्यांना फार लागतं. मृग लागेपर्यंतच्या पाळ्या सभेच्या आधीच लावा, एका घराला सलग तीन दिवसांपेक्षा जास्त नको. नळाला ज्या दिवशी पाणी येतं त्याच दिवशी रांजण घासून भरायचा, आणि ज्या दिवशी येत नाही त्या दिवसासाठी जवळच्या एखाद्या विहिरीवाल्याशी बोलून ठेवायचं. पाऊस पडला की रांजण उचलून शाळेच्या खोलीत उपडे ठेवा. पुढच्या आखाजीला तेच चालतात, आणि जुना रांजण पाझरतही नाही.